विमान गेलं की मोट सोडायची

लग्नकार्यात कुणीतरी ओळख करून देतं, "हे विमानात होते बरं का," आणि मग दोन प्रश्न ठरलेले. पहिला, भीती नाही वाटायची? दुसरा, ड्यूटी किती तासांची असायची? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वाटायची, पण हातात गरम चहाची किटली असली की माणूस आधी किटली सांभाळतो, भीती नंतर. दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर मात्र मला आजवर कधी जमलेलं नाही. संपादकांनी यंदा "विमानातल्या गमतीजमती लिहा" म्हटलं, तेव्हा वाटलं की गमती राहू द्या, हे उत्तर एकदा देऊन टाकावं. त्यासाठी शेलूबाजारजवळची आमची विहीर सांगावी लागेल. विमानाच्या लेखात विहीर कुठून आली, असं मनात येईल. येऊ द्या.

आधी धंदा काय ते सांगतो. लढाई संपली तशी फौजेनं वापरून टाकलेली डाकोटा विमानं कंपन्यांनी घेतली, आत खुर्च्या बसवल्या आणि उतारू न्यायला सुरुवात केली. मी वाशिमला मॅट्रिक होऊन मुंबईत एका हॉटेलात कामाला होतो. साहेबी जेवण कसं मांडायचं ते हाताला माहीत झालं होतं, इंग्रजीची भीड चेपली होती. एका कंपनीनं स्टुअर्ड म्हणून घेतलं. स्टुअर्ड म्हणजे विमानातला वाढपी, थोडा हमाल, थोडा दवाखान्यातला वॉर्डबॉय. पांढरा कोट आणि पितळी बटणं मिळायची, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही कळायचं नाही.

ती विमानं आजच्यासारखी ढगांच्या वरून जात नसत. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून जाताना खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीसारखी आदळायची. कान दुखायचे म्हणून मी आधी कापूस वाटायचो, मग पेपरमिंट, आणि सगळ्यात शेवटी कागदी पिशव्या. पिशवी कशासाठी ते उतारूला सांगावं लागायचं नाही, थोड्याच वेळात त्याचं त्याला कळायचं. भरलेल्या पिशव्या गोळा करणं हे माझं काम. खाणं पुठ्ठ्याच्या खोक्यातून, चहा थर्मासमधून. एका शेठजींना तो चहा पटला नाही. त्यांनी पिशवीतून स्टोव्ह काढला आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये मांडून पंप मारायला बसले. मी धावलो. "तुमचा चहा तुम्हाला लखलाभ, आम्ही आमचा करून घेतो, तुम्हाला काय त्रास?" असं ते मला अगदी गोडीत समजावत होते. स्टोव्ह काढून घेतला तर उतरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आणखी एक आठवतात ते आमच्याच वऱ्हाडातले एक जमीनदार. मुंबईहून नागपूरला निघालेले. खिडकीतून खाली बघता बघता एकदम उठले आणि टोपी सारखी करत म्हणाले, "हे अकोल्याच्या अंगचं रान दिसते. मले इथंच उतरव. नागपुरावून परत येनं कोनाले पुरते?" मी म्हटलं, "दादासाहेब, मधे थांबा नाही." तर म्हणाले, "ड्रायव्हरले माहं नाव सांग." मी आत गेलो, कॅप्टनला खरंच नाव सांगितलं, परत येऊन म्हटलं, "साहेब नमस्कार म्हणतात, पण थांबता येत नाही." नाव पोचल्यावर ते समाधानानं बसले.

तर तास. आमचा तास कंपनी मोजायची तो विमानाचं चाक हललं की सुरू आणि चाक थांबलं की बंद. मधलं काय ते काम. पहाटे गाडी घ्यायला यायची, विमानतळावर जाऊन खोकी, घोंगड्या, थर्मास ताब्यात घ्यायचे, उतारू येईपर्यंत उभं राहायचं, यातलं काहीही मोजत नसत. धुकं असलं, इंजिन कुरकुरलं, कुणी बडा माणूस यायचा राहिला, की इस्त्रीचा कोट मोडू नये म्हणून बाकावर ताठ बसून राहायचं. तेही मोजत नसत. शिवाय स्टँडबाय नावाचा प्रकार. दुसरा कुणी आजारी पडला तर हजर हवा म्हणून खोलीवर कपडे करून बसायचं. चपला घालून वाण्याकडेही जायचं नाही. दिवस गेला आणि बोलावणं आलंच नाही तर त्या दिवशी तुम्ही काही केलं नाही, असा हिशेब. ड्यूट्या फळ्यावर खडूनं लिहिलेल्या असत आणि त्या खडूचा मालक एक कारकून. सकाळी कलकत्ता असलेलं नाव संध्याकाळी दिल्लीवर जायचं. त्यामुळे "तू घरी केव्हा येशील" याला माझ्याकडे उत्तर नसायचं, आणि पुढे पुढे घरच्यांनी विचारायचंही सोडलं.

आता विहीर.

आम्ही माळी. भाजीपाल्याचा मळा. आजोबांनी खणलेली एक विहीर, आणि तिच्यावर दोन वाटणीदार. एक माझे बाबा. दुसरी माझी काकू, अनसूया. काका तरणेपणीच गेले. माझी आई तर मला आठवतही नाही, काकूनंच मला भाकरी घातली आणि धपाटेही. काकूला मूलबाळ नव्हतं. काका गेल्यावर दीड-दोन एकराचा तुकडा आणि पाण्याचा अर्धा हक्क, एवढं तिच्या नावावर राहिलं. ती स्वतः धावेवर, म्हणजे बैलांच्या उतरत्या वाटेवर, मोट हाकायची. बाईनं मोट हाकावी याचं गावाला पहिलं वर्षभर नवल वाटलं, मग बैलांइतकीच तिचीही सवय झाली. मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी काढून ती शेलूच्या बाजाराला टोपलं डोक्यावर घेऊन जायची. पाणी मिळालं तर मिरची, मिरची झाली तर वर्ष निभलं, इतका तिचा संसार सरळ होता.

मोट एकच, तेव्हा पाण्याची बारी लावलेली. सकाळची बारी, म्हणजे रात्रभर झऱ्यांनी भरलेली विहीर, बाबांची, थोरले म्हणून. दुपारची काकूची. सूर्य डोक्यावर आला की बाबांनी बैल सोडायचे आणि काकूनं आपले जुंपायचे. पण सूर्य नेमका डोक्यावर कधी आला, यावरून दर उन्हाळ्यात वाद. निंबाची सावली थारोळ्याच्या, म्हणजे मोट रिती होते तिथल्या दगडाला लागली म्हणजे दुपार, असं ठरलं होतं. ती सावली चैत्रात एक सांगायची, ज्येष्ठात दुसरं, आणि आभाळ आलं तर काहीच सांगायची नाही.

त्यात मोठी अडचण अशी की हे दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. बाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढे डोक्यावरून पदर ओढायचा आणि त्याच्याशी थेट शब्द बोलायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे विहिरीवरचा सगळा व्यवहार बैलांमार्फत चालायचा. काकू आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "काऊन रे पवळ्या, सावली दगडावर चढली तरी लोकाईले दिसत नाई का?" बाबा त्यांच्या बैलाला सांगायचे, "आपली एक मोट राह्यली अजून, मंग सोडू." आठवड्यातून एकदा तरी हे सवाल-जवाब व्हायचे आणि बैल मुकाट रवंथ करत राहायचे.

मी विमानावर लागलो त्याच सुमाराला मुंबई-नागपूर विमान रोज सुरू झालं. त्याची वाट बरोबर आमच्या मळ्यावरून जायची, सूर्य डोक्यावर यायच्या बेताला. गावात विमानाला जहाजच म्हणत. पहिले काही दिवस सगळं गाव बाहेर येऊन वर बघायचं. बाबांनी तर सांगायला सुरुवात केली, "आमचा नामा चालवते ते." मी सुट्टीवर गेलो तेव्हा त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा, मी चालवत नाही, मी चहा देतो." ते म्हणाले, "चहा कोनी बी देते. हे तू लोकाईले सांगू नको." मी रोजच्या विमानात नसतो, कधी दिल्लीला असतो, कधी कलकत्त्याला, हेही सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांच्या लेखी मळ्यावरून जाणाऱ्या प्रत्येक जहाजात मी होतो.

आणि एक दिवस बाबांनी बैलांना सांगितलं, की आजपासून सावली बंद. जहाज गेलं की मोट सोडायची. सरकारी टाइम हाय, त्यात लबाडी नाही. काकूलाही ते पटलं. सावलीचा दगड बाबांच्या बाजूला होता, आकाश कुणाच्याच बाजूला नव्हतं. विमान घुमत जायचं, बाबा दोर ढिला करायचे, काकू बैल पुढे घ्यायची. शब्दाची गरजच उरली नाही. पहिला उन्हाळा इतका सुरळीत गेला की शेजारच्या मळेवाल्यांनीही तीच रीत उचलली.

दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या कंपनीचं वेळापत्रक कोलमडलं. विमानं कमी, फेऱ्या जास्त, सुटे भाग मिळेनात. एका विमानाचा पंखा काढून दुसऱ्याला लावायची पाळी आली होती. नागपूरचं विमान वेळेवर सुटलं तर आम्ही एकमेकांचं अभिनंदन करायचो. मुंबईत याचा अर्थ उतारूंचा आरडाओरडा. मळ्यावर याचा अर्थ काय होत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते सुट्टीवर गेलो तेव्हा कळलं. घरात पाऊल टाकतो तोच काकू आली. पाणीही विचारलं नाही.

"नामा, खरं सांग. तू जहाज उशिरा काऊन आनतं?"

"मी आणतो?"

"मंग कोन? तुहा बाप पानी घेऊनच राह्यला, घेऊनच राह्यला, अन् मी धावेपाशी आभायाकडं पाह्यत बसली. जहाज येते तवा हीर खरडली असते. तुह्या बापाच्या वांग्याले पाजाले माह्या मिरच्या मारतं का रे? म्या तुले हातानं भरवलं हाय."

मी कपाळावर हात मारला. विमान उशिरा सुटायची कारणं सांगू लागलो, पण तिला ती सबबच वाटली. तिचंही चूक नव्हतं. बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं की नामा जहाज चालवतो, आणि जो चालवतो तो वेळेवर का चालवत नाही? बाबांना विचारलं तर म्हणाले, "ठरलं ते ठरलं. जहाज गेल्यावर मोट सोडायची. गेलंच नाई तं मी काय करू?" ते लबाडी करत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांची वांगीही सुकत होती, आणि नियम त्यांच्या सोयीचा निघाला होता. आपल्या सोयीचा नियम माणसाला फार पवित्र वाटतो.

सुट्टी संपवून परत आलो आणि नेमकी नागपूरची ड्यूटी लागली. उतारू बसले, मी कापूस वाटला, पेपरमिंट वाटलं, आणि विमान जागचं हलेना. कुणीतरी मोठे साहेब यायचे होते. त्यांच्यासाठी थांबायचा हुकूम होता. उतारूंना पुन्हा उतरवलं. मी विमानतळाच्या बाकावर येऊन बसलो. घड्याळात विमान मळ्यावर असायची वेळ झाली, टळली. एरवी अशा वेळी मी गुपचूप डुलकी काढायचो. त्या दिवशी काही केल्या डोळा लागेना. बाबांच्या मोटेचा कुरकुर आवाज कानात, आणि काकू धावेच्या तोंडाशी बसलेली डोळ्यांपुढे. मी उठून दारापर्यंत जायचो, परत यायचो.

शेजारी आमचा कॅप्टन बसला होता. लढाईत विमानं चालवून आलेला, मोजकं बोलणारा माणूस. म्हणाला, "तुझी कुणी वाट बघतंय का?"

मी म्हटलं, "माझी काकू."

"नागपूरला?"

"नाही साहेब. मधेच." आणि मग सगळं सांगितलं. विहीर, सावलीचा दगड, भासरे, बैल. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. त्यानं विचारलं, "म्हणजे आत्ता पाणी कोण घेतंय?"

"बाबा."

"आणि ती?"

"बसली असेल."

कॅप्टन उठला आणि ऑफिसात गेला. आतून चढे आवाज आले. बाहेर येऊन पुन्हा बाकावर बसला. "मी त्यांना म्हटलं, खाली लोक खोळंबलेत. ते म्हणाले कुठले लोक, उतारू तर कँटीनमध्ये आहेत. तुझ्या काकूचं नाव घेतलं असतं तर मला घरीच पाठवलं असतं." बऱ्याच उशिरानं साहेब आले, हार घालून आले, आणि आम्ही उडालो. शेलूच्या आसपास आलो तेव्हा उन्हं कलली होती. कॅप्टननं मला पुढे बोलावून काच दाखवली. खाली रानाचे करडे-पिवळे तुकडे होते आणि विहिरी म्हणाल तर टाचणीनं टोचल्यासारखे काळे ठिपके. त्यातला आमचा कुठला हेही सांगता येईना. इतक्या वरून माणसाला काही दिसत नाही, आणि खालचा माणूस मात्र आपल्या भरवशावर बैल धरून बसलेला असतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

रजा मागून मी लगेच पुन्हा गावी गेलो. काकूच्या मिरचीच्या दोन सऱ्या वाळून काड्या झाल्या होत्या. येताना मी एक घड्याळ आणलं होतं. माझ्या मते प्रश्न मिटला होता. बाबांनी ते हातातही घेतलं नाही. आपल्या जहाजाच्या जागी हा डबा त्यांना चालणार नव्हता. काकूही नाही म्हणाली. "घड्याळ कोनाच्या घरात ठुतं? तुह्याच बापाच्या ना? काटा कोन फिरवीन ते मले काय समजीन?"

शेवटी विहिरीवरच आजूबाजूचे मळेवाले जमले. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी काय बोलणार ते त्यांना कळलं होतं. तरी बोललो. म्हटलं, "मी जहाज चालवत नाही. मी चहा देतो. लोकांना ओकारी आली तर पिशवी धरतो आणि ती उचलून ठेवतो. जहाज कधी सुटायचं ते मला कुणी विचारत नाही. मला तर मी उद्या कुठे जाणार तेही ठाऊक नसतं." कुणीतरी खाकरलं. बाबांनी मान खाली घातली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. त्यांना असं बघणं सोपं नव्हतं.

काकू मात्र माझ्याकडे एकटक बघत होती. "मंग तुह्या हातात काय हाय?"

"किटली."

"अन् जहाज उभं राह्यते तवा तू काय करतं?"

"बसून राहतो."

"त्याचा पगार मोजतात?"

"नाही. चाक हललं की मोजतात."

तिनं मनाशी हिशेब केला. मग म्हणाली, "म्हनजे तुही बारी बी दुसऱ्याच्याच हातात हाय. मले वाटलं होतं तू तरी सुटला." आणि पदर पुढे ओढून पवळ्याकडे वळली. जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं त्या बैलाला सांगितलं, "जहाज खरं हाय ना रे? मंग जहाजच राहू द्या. फकत सकायची बारी आता आपल्याले द्या. जहाज जाईपर्यंत आपुन पानी घेऊ, अन् ते गेल्यावर ज्याले घ्याचं त्यानं घ्यावं."

बाबांनी आपल्या बैलाला म्हटलं, "सकायी हीर भरेल असते."

काकू म्हणाली, "इतकी वर्सं भरेल कोनाले भेटली रे पवळ्या?"

लोक हसले. बाबांना बोलायला जागाच राहिली नाही. जहाजाचा नियम त्यांचाच, त्याला लबाडी चिकटत नाही असं त्यांनीच सांगितलेलं. ते कबूल झाले.

मी परत गेलो. वेळापत्रक तसंच लंगडत चाललं होतं. पुढच्या फेरीत घरी गेलो तर बाबांचा नूर बदललेला. आता धावेच्या कडेला आभाळाकडे बघत बसायची जागा त्यांची होती. काकू सकाळी मोट धरायची ती विमान घुमेपर्यंत, आणि लेट झालं की पवळ्याला मोठ्यानं म्हणायची, "चाल राजा, जहाज नाई आलं अजून." बाबा चरफडायचे. कंपनीला, इंजिनाला, मोठ्या साहेबांना शिव्या द्यायचे. पण तासन् तास रिकामं बसून माणसाला विचार करायला वेळ मिळतो. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "जहाज लेट झालं म्हनजे तुमी लोकं बसता कुठी?"

"बाकावर."

"सावलीत?"

"सावलीत."

"बरं हाय मंग," म्हणाले. माझ्या नोकरीबद्दल बाबांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

तो उन्हाळा संपता संपता वादळी दिवस आले. अशाच एका दिवशी मुंबईहून विमान निघालं, पुढे आभाळ फाटलेलं बघून कॅप्टननं वाट बदलली आणि दुसरीकडेच उतरवलं. सगळे सुखरूप होते. मळ्यावर मात्र एवढंच कळत होतं की उगवतीकडे काळंभोर आहे, वारा सुटलाय आणि जहाज आलेलं नाही.

पुढचं मला काकूनं सांगितलं. सूर्य कलला तसे तिचे वाफे भरून झाले होते, तरी नियमाप्रमाणे मोट तिचीच होती. तिनं पवळ्याला नेहमीचं काहीतरी म्हटलं. पलीकडून उत्तर आलं नाही. तिनं पाहिलं तर बाबा उभे होते, शिव्या देत नव्हते, पाण्याकडे बघत नव्हते. तोंड वर आणि ओठ हलताहेत. बैल सुटून वांग्यात शिरले होते तरी त्यांना भान नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं. तिनं दोर सोडला, धाव चढून वर आली आणि डोक्यावरचा पदर तसाच ठेवून बाबांच्या समोर उभी राहिली.

"भासरे," ती म्हणाली, "तुमी वाशिमले जा. तारेच्या हापिसात इचारा. पान्याचं मी पाह्यीन."

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ती त्यांच्याशी पहिल्यांदा थेट बोलली. बाबा तसेच निघाले. वाटेत मिळेल त्या गाडीनं वाशिमला गेले, तार केली आणि उत्तर येईपर्यंत तारऑफिसच्या पायरीवर बसून राहिले. इकडे काकूनं आपले बैल सोडले नाहीत. अंधार पडेपर्यंत ती मोट हाकत होती, आणि पाट वळवला होता तो बाबांच्या वांग्यांत.

आणि मी? मी त्या दिवशी विमानात नव्हतोच. सुट्टी होती. मुंबईच्या खोलीवर कोट धुवायला घेतला होता. फेसाळल्या हातांनी तार घेतली, 'खुशाली कळव', आणि कुणी चेष्टा केली की काय असं वाटलं. कुठल्या दिवशी मी कुठे आहे हे घरी कळवत जावं, एवढं साधं मला कधी सुचलं नव्हतं. आमचा खडू रोज बदलतो ही सबब होती, पण ती सबबच. आज कुणी ड्यूटीचे तास विचारले की मी मनातल्या मनात त्यांत ती तारऑफिसची पायरी धरतो, काकूची अंधारातली मोट धरतो, आणि मग बेरीज जमत नाही.

काही दिवसांनी घरी गेलो. तोवर विहिरीवर सगळं पहिल्यासारखं झालं होतं. काकूनं पुन्हा बैलांमार्फत बोलायला सुरुवात केली होती. त्या दिवसाबद्दल बाबांनी मला एक अक्षर विचारलं नाही. मी त्यांच्या शेजारी धावेच्या कडेला जाऊन बसलो. आभाळ स्वच्छ होतं. वेळेवर, अगदी ठरल्या वेळेवर, आवाज आला आणि विमान डोक्यावरून निघालं. काकूनं लगेच मोट रिकामी केली, बैल सोडले, दोर बाजूला ठेवला. बारी बाबांची झाली होती. ते उठले नाहीत. विमान दिसेनासं झालं, मग आवाजही गेला, तरी वर बघतच होते.

"कोन हाय आज त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"डिसोझा म्हणून एक पोरगा आहे. वसईचा."

"त्याच्या बापाले ठाव असन का, पोरगं आता कुठी हाय ते?"

"नसेल, बाबा."

"मले ठाव हाय. आताच आपल्या हिरीवरून गेलं," बाबा म्हणाले, आणि बैल जुंपायला उठले.